शिकारकथेतील काडतूस

शिकारकथा हा वाङ्मयप्रकार कुमारवयात वाचून संपवायचा असतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मोठेपणी तो पुन्हा हाती घेतलाच, तर अरण्यवर्णनासाठी किंवा वसाहतकालीन मनोवृत्तीचा पुरावा म्हणून. या दोन्ही प्रकारच्या वाचनांत एक गोष्ट हमखास वगळली जाते. शिकाऱ्याच्या हातात कोणते हत्यार होते, त्यात कोणते काडतूस होते आणि ते त्याने का निवडले, याविषयीचा मजकूर आपण वाचीत नाही. इंग्रजी शिकारग्रंथांत हा मजकूर थोडाथोडका नसतो; कित्येक ग्रंथांत त्याला स्वतंत्र प्रकरणे दिलेली असतात. वाचक ती पाने उलटून पुढे जातो आणि भाषांतरकार 'त्याने बंदूक झाडली' एवढ्यावर भागवतो. माझे म्हणणे असे आहे की, लेखकाच्या सचोटीची खरी परीक्षा पुष्कळदा या उलटलेल्या पानांवरच होते. वाघ समोर आल्यावर प्रत्येक लेखक शूर असतो. त्याच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात तो काडतुसांकडे कसा पाहत होता, त्यावरून त्याला जनावराविषयी काय वाटत होते ते कळते.

प्रथम शब्दांचाच घोळ पाहू. इंग्रजीत ज्याला 'डबल रायफल' म्हणतात, त्याचे मराठीकरण अनेकदा 'दुनळी बंदूक' असे होते. शब्दशः त्यात चूक नाही, पण अर्थ पार बदलतो. आपल्या वाड्यांतून, गढ्यांतून भिंतीला टांगलेली असे ती दुनळी म्हणजे बारा बोअरची छऱ्याची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीला आतून पेचदार आटे असतात. त्यांतून गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते म्हणूनच ती सरळ जाते. छऱ्याच्या दुनळीने तित्तिर मारतात. दुनळी रायफल हत्तीसाठी, रानरेड्यासाठी, गव्यासाठी घडवलेली असते. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पहिली उभी राहिली की, गव्याच्या मागावर निघालेला माणूस एकतर मूर्ख वाटतो किंवा अतिमानवी. तो यांपैकी काहीच नसतो.

दुसरी अडचण वजनांची. गोळीचे वजन 'ग्रेन' या मापात सांगतात. '५०० ग्रेनची गोळी' असे वाचून मराठी वाचकाला काहीच वाटत नाही, कारण ग्रेन त्याच्या हातात कधी आलेला नाही. पण आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना तोळा माहीत आहे, आणि इंग्रजी अमदानीतला प्रमाण तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. म्हणजे .४७० नायट्रो एक्सप्रेस या प्रसिद्ध काडतुसातली ५०० ग्रेनची गोळी पावणेतीन तोळ्यांहून किंचित जड. हे सांगताच ती तळहातावर येते. पावणेतीन तोळे शिसे, वरून धातूचे कवच, आणि वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. याउलट स्कॉटिश हत्ती-शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल ज्या ७ मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारीत असे, तिची १७३ ग्रेनची गोळी तोळाभरसुद्धा नव्हती. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात शिकारसाहित्यातला एक मोठा वाद सामावलेला आहे. त्याकडे पुढे येतो.

काडतुसांचा हा इतिहास आपल्या मुलखाला तितकासा परका नाही. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा १८७१ चा ग्रंथ लिहिणारा कॅप्टन जेम्स फॉर्सिथ निमाडचा सेटलमेंट अधिकारी होता. पचमढी, सातपुडा, नर्मदेचे खोरे यांचे त्याने केलेले वर्णन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. याच फॉर्सिथने त्यापूर्वी शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नळीतले आटे किती उथळ असावेत, त्यांचा पेच किती सावकाश असावा, गोल गोळीमागे दारू किती भरावी, याचा त्यात बारकाईने विचार आहे. हायलँड्समधले अरण्य इतके स्पष्ट आणि मोजके का उतरले आहे, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दुसऱ्या पुस्तकात सापडते. ज्याला दारूचे वजन डोळ्यांवर अंदाजायचे नसते, तो टेकडीची उंचीही अंदाजाने लिहीत नाही.

फॉर्सिथच्या काळी काडतूस हातानेच भरले जाई, किंबहुना ठासणीच्या बंदुकीत काडतूस असे वेगळे नसेच. दारू मापायची, नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, टोपी बसवायची. प्रत्येक बार हा शिकाऱ्याचा स्वतःचा निर्णय असे. सॅम्युएल बेकरच्या लेखनात हे सर्वांत ठळक दिसते. सिलोनमध्ये तो ब्रिस्टलच्या गिब्जने बनवलेली २१ पौंड वजनाची रायफल वापरी. तिच्यात १६ ड्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे दारू जाई. पुढे आफ्रिकेत त्याच्याजवळ 'बेबी' नावाचे एक हत्यार होते. त्यातून अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा सुटे. अर्धा पौंड म्हणजे साडेएकोणीस तोळे. जुन्या मापाने जवळजवळ पावशेर! बरोबरचे अरब त्या हत्याराला तोफेचे पोर म्हणत. बार काढला की बेकर स्वतः वाऱ्यावरच्या कोंबड्यासारखा गरकन फिरे. तो हे सारे विनोदाने लिहितो, पण त्या विनोदाखाली एक कबुली आहे. बेबीचा बार कधी वाया गेला नाही असे तो सांगतो, आणि ती उचलण्याची आपल्याला धास्ती वाटे हेही सांगतो. शिकारी स्वतःच्या हत्याराला भितो, हे पुढच्या पिढीतल्या शिकारलेखनात सहसा आढळत नाही.

पुढची पिढी कॉर्डाइटची. काळी दारू गेली, धूर गेला, आणि दोरीच्या तुकड्यांसारखी दिसणारी नवी स्फोटक द्रव्ये आली. १८९८ मध्ये जॉन रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढले आणि खांद्याला झेपेल अशा दुनळी रायफलीतून हत्ती मारता येऊ लागला. इथे हिंदुस्थानचा थेट संबंध येतो. बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना .४५० च्या गोळ्या उपयोगी पडतील, या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास त्या बोअरला हिंदुस्थानात आणि सुदानात बंदी घातली. म्हणून लंडनच्या कारखानदारांनी अंगुळाचा अंशभाग इकडेतिकडे सरकवून नवी काडतुसे बाजारात आणली: .४६५, .४७०, .४७५. जनावराच्या दृष्टीने त्यांत काडीचा फरक नव्हता. फरक परवान्याच्या कागदावर होता. शासकीय सेवेत ज्यांनी शस्त्र-परवान्यांच्या नस्त्या चाळल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. आज हत्तीची रायफल म्हणून जगभर ज्या .४७० चा दरारा आहे, ती आपल्या अंमलदारांच्या एका हुकुमामुळे नावारूपाला आली.

उष्णतेने कॉर्डाइटचा दाब वाढतो. उन्हाळ्यात, हाकाऱ्याच्या दुपारी, उन्हात तापलेल्या रायफलीतली गोळी लंडनच्या थंडीतल्या गोळीसारखी वागत नाही. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी दारू थोडी कमी घातलेली काडतुसे वेगळी भरली जात. कारखाना आता शिकाऱ्याच्या वतीने निर्णय घेऊ लागला होता, आणि शिकारलेखनाचा सूर इथून बदलला. काडतूस ही विकत घेण्याची वस्तू झाली. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल माणूस विचार कमी करतो आणि फुशारकी जास्त मारतो.

या फुशारकीला शिस्त लावण्याचा प्रयत्न जॉन टेलरने केला. टेलर (१९०४–१९६९) मूळचा डब्लिनचा. हयात गेली मोझांबिक आणि आसपासच्या मुलखात हस्तिदंतासाठी हत्ती मारण्यात, आणि तेही परवान्याची फारशी पर्वा न करता. 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' हे त्याचे पुस्तक १९४८ मधले. एकेका काडतुसावर तो असा लिहितो की, जणू एकेका गवयाच्या गळ्यावर लिहीत आहे: याचा पल्ला कुठपर्यंत, हा कुठे फाटतो, याच्यावर भरवसा किती ठेवायचा. मी त्याला समीक्षेचेच पुस्तक म्हणेन. त्याची भाषा घाईची आहे, पुनरुक्ती भरपूर आहे, पण मत उसने नाही.

टेलरचा त्रागा होता तो कारखानदारांच्या जाहिरातींवर. जाहिरातीत गोळीची ऊर्जा फूट-पौंडांत छापत. ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो. त्यामुळे हलकी, वेगवान गोळी कागदावर फार थोर दिसते. हत्तीच्या कवटीवर मात्र ती थोर ठरत नाही, हे टेलरने पाहिले होते. म्हणून त्याने स्वतःचे सूत्र मांडले. गोळीचे ग्रेनमधले वजन, फुटांत वेग आणि इंचांत व्यास यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ७००० ने, म्हणजे एका पौंडातल्या ग्रेनांच्या संख्येने, भागायचे. येईल तो आकडा म्हणजे त्या काडतुसाचा 'तडाखा'. .४७० ला या हिशेबाने सुमारे ७३ मिळतात. बेलच्या ७ मिलिमीटरला सुमारे १६.

सूत्र सोपे आहे म्हणून लोकांनी ते उचलले, आणि तिथेच त्याची विटंबना झाली. टेलरचा प्रश्न अगदी मर्यादित होता. हत्तीच्या डोक्यावर नेम धरला, गोळी मेंदूला लागली नाही, थोडक्यात चुकली. अशा वेळी हत्ती खाली बसेल की नाही, आणि बसला तर दुसरा बार काढण्याइतका वेळ मिळेल की नाही? तडाख्याचा आकडा याचे उत्तर देण्यासाठी होता, आणि तोही न फुलणाऱ्या कवचबंद गोळ्यांपुरता. हरणावर, वाघावर, फुलणाऱ्या गोळीवर तो लावायचा नव्हता. मग कोणी तो चेंडूफळीच्या धावांसारखा सर्वत्र लावू लागले आणि 'माझ्या रायफलीचे इतके' अशी भाषा सुरू झाली. एखाद्या समीक्षकाने एका काव्यप्रकारापुरता काढलेला निकष अभ्यासमंडळे सगळ्या वाङ्मयाला लावतात, तसलाच हा प्रकार. टेलरचा दोष इतकाच की त्याने उत्तर आकड्यात दिले. शब्दांत दिले असते तर ते इतके स्वस्त झाले नसते. शिवाय सर्व प्रकारच्या शिकारीला चालेल असे एकच हत्यार कोणते, या प्रश्नाला त्याचे उत्तर .३७५ मॅग्नम असे होते. त्याचा तडाखा त्याच्याच सूत्राने .४७० च्या निम्म्याहून थोडा अधिक. सूत्रकाराला सूत्राची मर्यादा माहीत होती.

बेलची बाजू याच्या अगदी विरुद्ध टोकाची. 'द वाँडरिंग्ज ऑफ अॅन एलिफंट हंटर' (१९२३) हे त्याचे पुस्तक शांत, जवळजवळ निर्विकार आवाजात लिहिले आहे. त्याने आयुष्यात हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य त्या तोळ्याहून हलक्या गोळीने. हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून त्याने मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मेंदूला लागली तर छोटी गोळी पुरते, न लागली तर मोठीही पुरत नाही. वाचताना हे इतके पटते की आपण एक गोष्ट विसरतो. बेल हा शांत चित्ताचा आणि असामान्य नेमबाज होता, आणि त्याचे हत्ती बहुधा मोकळ्या मुलखात, अजून बंदुकीला फारसे न सरावलेले होते. ज्याचा हात कधीच कापत नाही त्याने, हात कापणाऱ्यांसाठी लिहिलेले शास्त्र निरर्थक आहे असे म्हणावे, यात एक सूक्ष्म निर्दयपणा आहे. टेलर चुकलेल्या नेमाचा विचार करतो, बेल करीत नाही. दोघांत गद्यलेखक म्हणून बेल वरचढ आहे. पण जखमी जनावर टेलरच्या पानांवर अधिक वेळ रेंगाळते, आणि म्हणून मला टेलर अधिक भरवशाचा वाटतो.

ललित लेखकांनी काडतुसाचे काय केले, हे पाहण्यासाठी १९३६ हे एक वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी हेमिंग्वेची फ्रान्सिस मॅकोम्बरवरची प्रसिद्ध दीर्घकथा आली आणि ऑर्वेलचा हत्ती मारण्यावरचा निबंधही आला. हेमिंग्वेच्या कथेत प्रत्येक पात्राला स्वतःचे काडतूस आहे. नवख्या मॅकोम्बरची .३०-०६, तिची २२० ग्रेनची गोळी. व्यावसायिक शिकारी विल्सनची.५०५ गिब्ज, आणि पत्नीच्या हातातली ६.५ मॅनलिकर. मॅकोम्बरची गोळी सिंहाच्या पोटात शिरते, म्हणजे चुकीच्या जागी. पुढे सिंह मरतो तेव्हा हेमिंग्वे सिंहाच्या अंगात शिरून तो आघात सांगतो, आणि तिथे .५०५ चा वेग दोन टन असल्याचे लिहितो. वेग टनांत मोजत नाहीत. जाणकारांनी या चुकीवर बरेच तोंडसुख घेतले आहे. ऊर्जा फूट-टनांत मोजत, आणि त्या काडतुसाची ऊर्जा प्रत्यक्षात अडीच फूट-टनांहूनही अधिक भरते. म्हणजे एककही चुकले आणि आकडाही. तरी मी हे वाक्य दुरुस्त करू देणार नाही. त्या क्षणी वाक्य सिंहाचे आहे. सिंहाला वेग आणि वजन यांत फरक करण्याची सवड नव्हती. मात्र हेच वाक्य विल्सनच्या तोंडी असते तर ती अक्षम्य चूक ठरली असती, आणि भाषांतरकाराने हा भेद ओळखला पाहिजे. कथेच्या शेवटी माणूस मरतो तो सर्वांत हलक्या गोळीने, हेही त्याने नजरेआड करू नये. 'तिने गोळी झाडली' एवढेच लिहिले, तर हेमिंग्वेने रचलेली उतरंड सपाट होते.

ऑर्वेलचे उदाहरण उलट आहे. ब्रह्मदेशातला पोलिस अधिकारी प्रथम एक जुनी .४४ विंचेस्टर घेऊन निघतो. हत्तीसाठी ती फार लहान, पण आवाज उपयोगी पडेल असे त्याला वाटते. मग तो हत्तीसाठीची रायफल मागवतो, पाच काडतुसांसह. रायफल उत्तम जर्मन बनावटीची आहे. कमी पडते ते ज्ञान. मेंदू कुठे असतो ते त्याला ठाऊक नसते आणि तो कानाच्या पुढे नेम धरतो. नंतर तो .४४ ने बार काढत राहतो, आणि तो निघून गेल्यावरही हत्तीचा जीव जायला अर्धा तास लागतो. बेलने वर्षानुवर्षे ज्याचा अभ्यास केला ते या माणसाला एका दुपारी, हजारो डोळ्यांसमोर, कळायला हवे होते. साम्राज्य म्हणजे काय, हे या निबंधात मला त्या पहिल्या चुकलेल्या नेमातच सर्वांत जास्त कळते: हत्यार पुरेसे, अधिकार पुरेसा, आणि समोरच्या प्राण्याची रचना अजिबात माहीत नाही.

आता हाताने काडतूस भरण्याकडे पुन्हा येतो, कारण इतिहासाने इथे एक वळसा घेतला. आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाले, आपल्याकडे शिकारी हळूहळू बंद झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात किनॉक या इंग्रज कारखान्याने ही मोठी काडतुसे भरणे थांबवले. पिढीजात दुनळी रायफली असलेल्यांच्या हाती पेटीतली उरलीसुरली काडतुसे राहिली. तेव्हा हौशी मंडळी पुन्हा स्वतः काडतुसे भरू लागली. यातली अडचण मोठी नाजूक आहे. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या समांतर नसतात. बार निघताच उजवी नळी उजवीकडे, डावी डावीकडे उसळते; ते गृहीत धरून कारागीर नळ्या किंचित आतल्या बाजूला वळवून झाळतो, जेणेकरून ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एकाच जागी लागाव्यात. पण हे जुळते ते एकाच वजनाच्या गोळीला आणि एकाच वेगाला. दारू कमी पडली तर गोळी नळीत क्षणमात्र जास्त रेंगाळते, तेवढ्यात नळी अधिक वळते आणि दोन गोळ्या एकमेकींपासून दूर जातात. दारू जास्त झाली तर त्या एकमेकींना ओलांडतात. कारागीर कधीच वारलेला असतो, त्याने वापरलेली कॉर्डाइट मिळत नाही, आणि नव्या दारूने त्याच्या मनातला नेमका वेग पुन्हा शोधून काढायचा असतो. वेगमापक यंत्र, कागदी लक्ष्य, आणि ग्रेनाग्रेनाने वाढवत नेलेले माप. मोठ्या कोशात नवी दारू कमी जागा व्यापते, मग ती टोपीपासून सरकू नये म्हणून वर सावरीचा कापूस किंवा स्पंजाची चकती घालतात. आपल्या उशांतला सावरीचा कापूस हत्तीच्या काडतुसात जातो, हे वाचून मला गंमत वाटली.

ऑस्ट्रेलियातील ग्रेम राइट यांनी या विषयावर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. त्यात ना वाघ आहे ना हत्ती. आहेत ती मोजमापे. तरी मी तो वाङ्मय म्हणून वाचला. भाषांतर करणाऱ्याने तर तो अवश्य वाचावा. मूळ लेखकाने एकदाच, एका वेगाला जुळवून ठेवलेली रचना. तिचे साहित्य आता मिळत नाही. आणि आपल्या भाषेतल्या निराळ्या दारूने दोन्ही गोळ्या पुन्हा एका जागी लागतील असे करायचे आहे. भाषांतरमीमांसेवरच्या जड ग्रंथांतून ही अडचण इतक्या नेमकेपणाने मांडलेली मी पाहिली नाही.

कारखान्यावर विसंबल्याने काय होते याचे उदाहरण .४५८ विंचेस्टर मॅग्नमचे. १९५६ मध्ये हे काडतूस आले. मोठ्या इंग्रजी काडतुसांचे काम साध्या, स्वस्त, एकनळी रायफलीत करून देण्याचे त्याने वचन दिले होते. त्यासाठी कोश आखूड ठेवला, आणि दारू त्यात दाबून बसवावी लागली. जाहिरातीतला वेग प्रत्यक्षात मिळेना, साठवलेल्या काडतुसांत दारूचे गठ्ठे होऊ लागले, गोळी हवी तितकी खोल जाईना, अशा तक्रारी आफ्रिकेतून आल्या. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकात रानरेड्याने जखमी केले. त्या अनुभवातून त्याने पुढे १९७१ मध्ये कोश ०.३ इंचाने लांब केलेले .४५८ लॉट हे काडतूस तयार केले. मोजून पाहिले तर हा ०.३ इंच म्हणजे पाऊण सेंटिमीटर. कादंबरीकाराला अशा पाऊण सेंटिमीटरची गोष्ट सुचायला हवी.

आपल्याकडे हा विषय आता केवळ वाचनाचा उरला आहे, हे उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. दोन्ही कायदे योग्यच आहेत. मराठीतले उत्तम अरण्यलेखनही दुर्बिणीतून आणि पायपिटीतून आले, बंदुकीतून नव्हे. माडगूळकर आणि चितमपल्ली यांनी आपल्याला जे दिले त्याला बारुदाचा वास नाही. पण याचा एक परिणाम असा झाला की, बंदुकीची मराठी पंचनाम्यात आणि बखरींत अडकून पडली. तिथे शब्दांची कमतरता नाही. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची, टोपीची; चाप, घोडा, दस्ता, गज, माशी, रंजक. 'काडतूस' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला आणि आपण तो इतका मुरवला की परका वाटत नाही. जे शब्द नाहीत ते घडवताना मात्र सावध राहावे. उदाहरणार्थ, 'सॉलिड' या गोळीला 'भरीव गोळी' म्हणण्याचा मोह होतो, पण फुलणारी गोळीही भरीवच असते. फरक कवचाचा आहे. म्हणून 'कवचबंद गोळी' आणि 'फुलणारी गोळी' ही जोडी मला बरी वाटते. 'उमलणारी' कोणी सुचवील; ते काव्यमय आहे म्हणूनच नको. ती गोळी मांसात शिरून काय करते ते ध्यानात घेतले की उमलणे हे क्रियापद तोंडातून निघत नाही.

कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. तिने ४३६ माणसे मारली होती हा आकडा सर्वांना पाठ असतो. कॉर्बेटच्या .५०० रायफलीसाठी त्या दिवशी तीनच काडतुसे होती, हे क्वचितच कोणाला आठवते. दोन वापरायला आणि एक अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब. हाका घालण्यासाठी तहसीलदाराने माणसे जमवली, आणि त्यासाठी बिनपरवान्याच्या बंदुकांकडे आपण काणाडोळा करू, वर दारूगोळाही पुरवू, असे त्याने कळवून टाकले. दोनशे अठ्ठ्याण्णव माणसे आली आणि एखाद्या संग्रहालयाला पुरतील इतक्या तऱ्हेची शस्त्रे बाहेर पडली. निवृत्त सरकारी माणूस म्हणून मी या तहसीलदाराला मनोमन नमस्कार केला. नस्तीत काय नोंदवू नये हे कळणारा अंमलदार दुर्मिळ. कॉर्बेटची तिन्ही काडतुसे संपतात, वाघीण जखमी असते पण जिवंत असते, आणि तो धावत जाऊन त्याच तहसीलदाराची छऱ्याची बंदूक मागून आणतो. जवळ जाऊन पाहतो तर त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये जवळजवळ तीन-अष्टमांश इंचाची फट. बार काढल्यावर बंदूक फुटून डोळे जाण्याची भीती. तो तरीही वाघिणीच्या उघड्या जबड्यावर बार काढतो, आणि गोळी लागते पंजाला. इतकी दुबळी की नंतर ती त्याने नखांनी उकरून काढली. वाघीण आधीच्या जखमांनी शेवटच्या घटका मोजीत होती म्हणून काम झाले.

या प्रसंगातून तीन काडतुसांचा हिशेब, ती फट आणि नखांनी निघालेली गोळी काढून टाकली, तर जे उरते ते कोणत्याही शूर माणसाचे कोणतेही साहस आहे. ठेवली, तर तो कॉर्बेट आहे: ज्याचा हिशेब एका काडतुसाने चुकला, आणि ज्याने ते मोजमापांसकट लिहून ठेवले. भाषांतरकाराने तीन-अष्टमांश इंच म्हणजे किती, हेही सांगावे. पाव इंचाहून दीडपट. करंगळी अडकेल इतके.